साडेतीनशे माणसांचं वरण

३ मार्च, धुळे

जितेंद्र म्हणाला, मॅडम, कामाची रोजची टिपणं ठेवा. टिपणं ठेवायची सवय मला नाही. चाळीस वर्षं मी हातात कागद न घेता बोलले. पण त्याचंही खरं असेल, म्हणून ही वही.

काम असं आहे. कारागृहांच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बंद्यांसाठी आठ व्हिडिओ करायचे. कॅमेरा जितेंद्रचा. तो शिंदखेड्याचा, माझा जुना विद्यार्थी. लेखन आणि आवाज माझा. कारागृहाचं नाव कुठेही लिहिणार नाही असं मी लिहून दिलंय, तेव्हा इथेही लिहीत नाही.

गरज काय, हे अधीक्षकांनी फार छान सांगितलं. तिथे स्वयंपाक बंदीच करतात. एखादा वर्षभरात तयार होतो आणि त्याची शिक्षा संपते. चांगला आचारी सोडून गेला की सगळे टाळ्या वाजवतात, असं हे एकच स्वयंपाकघर, म्हणाले. दुसऱ्या दिवशी डाळ करपते.

मी फोनवरच जितेंद्रला सांगितलं, समाज कैद्याला काय खायला घालतो त्यावरून त्या समाजाची उंची मोजावी. तो म्हणाला, "हो मॅडम. पण पहिला व्हिडिओ कांदा कापायचा आहे."

५ मार्च

आज आत गेलो. फाटकावर मोबाईल, पर्स, चष्म्याचं घर, सगळं जमा. स्वयंपाकघर लांबट, छताला धुराचा काळा पट्टा. सुऱ्या साखळीने ओट्याला बांधलेल्या. साखळी हातभर. त्यामुळे इथे सुरी भाजीकडे जात नाही, भाजी सुरीकडे येते. दोन माणसं कोबी सरकवत राहतात, तिसरा जागचा न हलता कापतो. पाहत राहावं असा मेळ. माझ्या अर्ध्या आयुष्यातल्या कार्यकर्त्यांना हे जमलं नाही.

मुख्य आचारी सुपडूभाऊ. बावन्न-त्रेपन्न वय, हाडकुळे, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. मूळ जामनेर तालुक्यातले, पहूरजवळच्या खेड्यातले. तिकडे लग्नाकार्यात वरण-बट्टी करणारे म्हणून वीस गावांत नाव होतं. मग धुळ्याजवळ हायवेवर भागीदारीत खानावळ काढली. गुन्हा मी विचारला नव्हता. त्यांनीच कांदे निवडताना सांगितला. "भागीदाराशी वाजलं. मी ढकललं. भट्टीच्या कठड्यावर डोकं आपटलं त्याचं. सात वर्षं. पाच झाली." एवढंच. दया मागितली नाही, सबब दिली नाही. न्यायालयात मोठमोठ्या माणसांना मी याहून लांब बोलताना ऐकलंय.

मला ते अक्का म्हणतात. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, शोभतं.

९ मार्च

वरणाच्या व्हिडिओची संहिता लिहिली. चार पानं. अन्नाचा इतिहास, दुष्काळ, हक्क, मग डाळ. खरं सांगायचं तर डाळ शिजायला किती वेळ लागतो हे मला मंदाबाईला विचारावं लागलं. ती माझ्याकडे एकवीस वर्षं स्वयंपाक करते. म्हणाली, "आज कसं काय विचारलं?" आणि बराच वेळ हसत होती.

१२ मार्च

कच्चा व्हिडिओ स्वयंपाकघरातल्या नऊ जणांना दाखवला. माझ्या आवाजाला धार होती, मलाच जाणवत होती. सुरुवातीची तीन मिनिटं कोणी हललं नाही. मला वाटलं भारावलेत.

नंतर सुपडूभाऊ खाली बघत म्हणाले, "अक्का, बोलणं लई चांगलं. पण तुमचं बोलणं होईस्तोवर आधण आटलं."

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत मनात सलत होतं. आज रात्री चार पानांची दीड पानं केली. दुष्काळ काढला. हक्क ठेवला.

१८ मार्च

आज त्यांच्याकडून शिकले ते लिहून ठेवते. माझ्या कुठल्याही पुस्तकात हे नाही.

मोठ्या पातेल्याचं झाकण आपल्याकडे उघडायचं नाही. पलीकडची कड आधी उचलायची. झाकण मग ढाल होतं आणि वाफ भिंतीकडे जाते. हे शिकायची किंमत त्यांच्या उजव्या हातावर दिसते.

साडेतीनशे माणसांची डाळ बोटाने दाबून कळत नाही. ती ऐकायची. आधी उकळी बडबडते, मग जड होते, मग थांबून थांबून बोलते. थांबून बोलायला लागली की विस्तव कमी करायचा. त्यांनी जितेंद्रला सांगितलं, इथे बोलणं नको, नुसता आवाज घे. जितेंद्रने पंचेचाळीस सेकंद नुसतं उकळणं ठेवलंय. मला ते लांब वाटतं.

मीठ एकदम नाही, जास्त झालं तर काढता येत नाही. दोन तृतीयांश आधी, बाकीचं चव घेऊन. कमी असलं तर घालता येतं.

एक गोष्ट मात्र समजली नाही. सगळं झाल्यावर, उजव्या हाताने डाव फिरवत असताना, ते डाव्या हातात रिकामा मग घेतात आणि पातेल्यावर दोन फेरे फिरवतात. मग मनगट जरा वळवतात आणि मगाची कड बोटाने पुसतात. तो मग मात्र रिकामाच असतो. जितेंद्रला विचारलं, कापायचं का? तो म्हणाला, अकराच सेकंद आहेत, छान दिसतंय.

मग मला सुचलं. हा अन्नाला केलेला नमस्कार आहे. कष्टकऱ्याच्या हाताला कोणी पूजा शिकवावी लागत नाही. त्या अकरा सेकंदांवर मी निवेदन लिहिलं: "हा हात अन्नाला ओवाळतो आहे." सुपडूभाऊंना वाचून दाखवलं. ते मानेनेच बरं म्हणाले. बहुतेक त्यांना भरून आलं असावं.

२७ मार्च

आज वाद झाला. वाद म्हणजे मी बोलले, ते ऐकत होते.

व्हिडिओत त्यांना चेहरा नको, आवाज नको, नाव नको. कारण मुलगी भाविका. तिचं पहूरला ठरलंय, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दोन दिवसांनी, दोन मेला लग्न. वडील सुरतेला कॅन्टीन चालवतात असं पाच वर्षं गावात सांगितलेलं. सासरच्यांनाही तेच. हे फुटलं तर सोयरीक मोडेल. लग्नासाठी रजेचा अर्जही त्यांनी केला नाही. केला तर चौकशीला पोलीस गावात जाणार.

मी त्यांना सांगितलं की लपवण्याने लाज वाढते. तुम्ही शिक्षा भोगता आहात, काम करता आहात, शिकवता आहात, मान वर करून सांगा. बराच वेळ बोलले. चांगलं बोलले. शेवटी ते म्हणाले, "अक्का, तुमचं बरोबर हाये. पण लग्न तिचं हाये."

मी शब्द दिला: चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. फक्त हात.

११ एप्रिल

वरणाचा व्हिडिओ पूर्ण झाला. कारागृह विभागाकडे गेला. जितेंद्र म्हणाला, "बठ्ठं व्हई गयं, मॅडम," आणि माझ्या हातात एक प्रत दिली, घरी बघायला.

परवा माझं व्याख्यान आहे, बचतगटाच्या मेळाव्यात. विषय: श्रमाची प्रतिष्ठा. यातली दोन मिनिटं पडद्यावर दाखवली तर माझ्या तासाभराच्या बोलण्याचं काम होईल. गाव पहूर आहे, हे लक्षात आहे. त्याचा विचार केला. पण शब्द अक्षरशः पाळलेला आहे. हात कोणी ओळखतं का?

१३ एप्रिल, पहूर

ज्योतीच्या घरी मुक्काम. ती इथल्या बचतगटाची अध्यक्ष. झोप येत नाही.

व्याख्यान चांगलं झालं. पाचशे बायका असतील. शेवटी दोन मिनिटांचं दृश्य लावलं. कुठलं कारागृह ते सांगितलं नाही. पडद्यावर ते पातेलं, ते हात, त्यानंतर तो रिकामा मग आणि माझा आवाज, "हा हात अन्नाला ओवाळतो आहे." टाळ्या पडल्या.

खाली उतरले तर पहिल्या रांगेतली एक म्हातारी थांबली होती. पंचाहत्तरी पार, डोक्यावर पदर, टाळ्या न वाजवलेले हात मांडीवर ठेवून बसलेली. मला म्हणाली, "ओवाळत नाही तो. तूप घालू राह्यला."

मी म्हटलं, आजी, तो मग रिकामा आहे.

"भांडं रिकामं हाये. हात नाही ना रिकामा." आणि पुढे म्हणाली, "उजव्या हातानं हलवायचं, डाव्या हातानं तूप. दोन फेरे. शेवटचा थेंब सांडू द्यायचा नाही. आमच्या दोन लग्नाईले त्यानंच वरण केलं व्हतं."

पदर सारखा करून ती निघून गेली. ज्योतीला विचारलं, कोण या? ती म्हणाली, धुरपदाबाई. नातवाचं लग्न आहे ना त्यांच्याकडे दोन तारखेला. होणारी नातसून जवळच्याच खेड्यातली, भाविका नाव आहे तिचं.

चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून उतरल्यावर लोक माझ्या पाया पडत आलेत. आज मला कोणाचे तरी धरावेसे वाटतायत आणि ते पाय इथे नाहीत.

१५ एप्रिल, धुळे

सकाळीच आत गेले आणि सुपडूभाऊंना सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. तो व्हिडिओ बाहेर दाखवायची मला परवानगी नव्हती, हेही सांगितलं.

ते कणीक बघत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कमी असलं तर घालता येतं." पुढचं बोलले नाहीत. मग चपात्यांच्या माणसाला पीठ घट्ट झालंय म्हणून सांगायला गेले.

मग अधीक्षकांसमोर उभी राहिले. तुम्ही शिकलेल्या बाई, म्हणाले. एवढं एकच वाक्य, पण मला पुरलं. चौकशी करून कळवू म्हणाले. उरलेले तीन व्हिडिओ मात्र थांबवले नाहीत.

१७ एप्रिल

भाजीच्या व्हिडिओचं काम. सुपडूभाऊंनी सगळं नीट दाखवलं, जितेंद्रने सांगितलं तसं दोनदा-तीनदा केलं. आज ते मला मॅडम म्हणत होते. कॅमेरा चालू असल्यामुळे असावं.

१९ एप्रिल

आज कॅमेरा नव्हता. तरी मॅडम.

पहूरहून काहीच बातमी नाही. ज्योतीला फोन केला. ती म्हणाली, म्हातारी गप्प आहे. हे चांगलं की वाईट ते तिलाही कळत नाही. मी ठरवलंय, स्वतः जाणार. त्या घरासमोर उभी राहून सांगणार की हा माणूस काय आहे. मुद्दे काढले. दोन पानं झाली.

२१ एप्रिल, पहूरहून परत येताना, एसटीत

हात हलतोय, अक्षर वाईट येईल, पण आत्ताच लिहायला हवं.

धुरपदाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी बसले, पाणी घेतलं आणि सुरुवात केली, "माणूस त्याच्या एका चुकीएवढा नसतो." त्यांनी आत हाक मारली, ताट वाढा. मी म्हटलं, आजी, आधी मला बोलू द्या. त्या म्हणाल्या, "आधी जेव. उपाशी माणूस लई बोलतं."

जेवले. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत. त्या समोर बसून निवडत होत्या. खाली मान घालूनच त्यांनी सांगितलं. सोयरीक ठरवताना माणसं चौकशी करतातच. त्यांच्या भाच्याने धुळ्याच्या पेपरात तेव्हाच वाचलं होतं. घरातल्या मोठ्यांना सगळ्यांना माहीत आहे. पोरगी चांगली आहे, आईने एकटीने वाढवली आहे, नातवाला पसंत आहे. झालं.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"त्याईनं सुरत सांगितलं, आमी सुरत ऐकलं. त्या बाईनं पाच वर्षं जे झाकून ठेवलं, ते आपण कशाले उघडायचं?" मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी मातर पडदा लावून दाखवलं."

माझी दोन पानं पिशवीतच राहिली.

निघताना त्या म्हणाल्या, तो पिच्चर आमच्या पुनाला द्या. पुना त्यांच्या लग्नाचा आचारी, तरुण आहे, हात बरा आहे पण वरण पातळ करतो. "पोरीच्या लग्नात बापाचं वरण व्हायले पाहिजे. त्याले येता येत नाही तर नको येऊ दे. वरण येईल."

मी ‘समाज’ हा शब्द लाखो वेळा उच्चारला असेन. त्याचा चेहरा काल कोणी विचारला असता तर सांगता आला नसता.

२२ एप्रिल

पहिलं अधीक्षकांकडे. या वेळी आधी विचारलं. त्यांनी पुष्कळ ऐकवलं, ते सगळं योग्य होतं. मग वर फोन केला, लेखी अर्ज घेतला आणि म्हणाले, "व्हिडिओत ना भिंत दिसते, ना माणूस. वरण काही गोपनीय नाही. न्या."

मग स्वयंपाकघरात. सुपडूभाऊंना सांगितलं तशी त्यांनी हातातला डाव पातेल्यावर आडवा ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसले. ते बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"त्यायले माहीत व्हतं?"

पहिल्यापासून, म्हटलं.

नव्याने आलेला प्रेमराज डाळ हलवायला पुढे झाला, कोणी सांगितलं नसताना. मी म्हटलं, आता रजेचा अर्ज करा, मी लिहून देते. ते नको म्हणाले. घरच्यांना माहीत असणं वेगळं आणि मांडवात पोलीस येणं वेगळं. तिचा दिवस आहे. या वेळी मी वाद घातला नाही.

मग त्यांनी विचारलं, "माणसं किती?"

बाराशे.

कागद घ्यायला सांगितला. साडेतीनशेचं माप तिपटी-चौपटीने वाढवायचं नाही. पाणी त्या मानाने कमी, मीठ त्याहून कमी, हळद तर अगदी बेताची. एका पातेल्यात करायचं नाही, तीन पातेली लावायची, आणि तिन्हींचं एकमेकांत घालून चव एक करायची. हे सगळं एका दमात सांगितलं. मी लिहून घेतलं. उभ्या आयुष्यात इतकं मुकाट्याने कोणाचं लिहून घेतलं नव्हतं.

तुपाचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी जितेंद्रकडे जाऊन त्या अकरा सेकंदांवरचं माझं निवेदन काढायला लावलं. तो म्हणाला, तिथे दुसरं काय घालू? म्हटलं, काही नको.

२ मे, पहूर

बेचाळीस-त्रेचाळीस अंश असेल. मांडवाच्या मागे तीन चुली, तीन पातेली. पुनाने मोबाईल साखरेच्या पोत्यावर टेकवून ठेवला होता, त्याच्यावर ओला रुमाल, तापू नये म्हणून. माझा कागद त्याने खिशात ठेवला होता, पण तो तोंडपाठ झाला होता.

त्याने झाकणाची पलीकडची कड आधी उचलली. वाफ भिंतीकडे गेली. उकळण्याचे ते पंचेचाळीस सेकंद आले तेव्हा त्याने मागच्या पोरींना गप्प केलं आणि एकदा मोबाईलला, एकदा पातेल्याला कान दिला. दोन्ही उकळ्या एकसारख्या थांबून थांबून बोलायला लागेपर्यंत तो वाकून होता. मी जितेंद्रला हे लांब वाटतं म्हणाले होते.

मग ते अकरा सेकंद आले. पुनाने व्हिडिओ थांबवला. धुरपदाबाई पाठीमागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. पुनाने तुपाचं भांडं उजव्या हातात घेतलं तशा त्या म्हणाल्या, "डाव्या."

त्याने हात बदलला. उजव्या हाताने डाव फिरवत, डाव्या हाताने दोन फेरे. शेवटी मनगट वळवलं. जरा सांडलं, सवय नव्हती. पण कड बोटाने पुसली.

पंगतीत भाविकाच्या आईच्या पानावर बट्टी चुरून वरण वाढलं. तिने एक घास घेतला आणि मग बराच वेळ दुसरा घेतला नाही. शेजारी बसलेल्या धुरपदाबाईंनी तिच्या पानावर आणखी वरण वाढायला सांगितलं. मग ती जेवली. शेवटपर्यंत जेवली.

मला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी वधूवरांना आशीर्वाद दिला आणि खाली बसले. ज्योतीला वाटलं माझी तब्येत बिघडली.

५ मे, धुळे

आज शेवटचं काम. सुपडूभाऊ फाटकाच्या बाजूलाच बघत होते, म्हणजे मी येणार हे ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं. तीन पातेली, एक चव. भाविकाची साडी कोणत्या रंगाची ते त्यांनी विचारलं, मला हिरवी एवढंच आठवलं. तिच्या आईचं पान सांगितलं. ते ऐकताना त्यांनी तोंड चुलीकडे केलं.

मग विचारलं, "तूप?"

पंधरा किलोचा डबा, म्हटलं. डाव्या हाताने, दोन फेरे.

"सांडलं?"

थोडं.

"सांडतंच पयल्यांदा," ते म्हणाले, आणि हसले.

दुपारचं वरण प्रेमराजने केलं. सुपडूभाऊ आता त्याला पुढे करतात, आपल्यामागे करपू नये म्हणून. गेले तीन आठवडे तो तोच व्हिडिओ बघून शिकतोय. त्याने झाकण बरोबर उघडलं, उकळी ऐकली, मीठ दोनदा घातलं. आणि सगळं झाल्यावर रिकामा मग डाव्या हातात घेतला, पातेल्यावर दोन फेरे फिरवला, मनगट वळवलं, कड बोटाने पुसली. अगदी मन लावून. त्याला वाटतंय ही वरणाची शेवटची पायरी आहे.

चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी आयुष्यभराची खोड. मी पुढे झाले. त्याला सांगणार होते की अरे, हे नसतं, इथे तूप येत नाही.

सुपडूभाऊंनी हाताने थांबवलं.

"राहू द्या, अक्का. शिकू द्या. बाहेर गेल्यावर लागंल त्याले."